लिनक्सवर उजेडाची बटणं

लॅपटॉपवर लिनक्स घातलं, वायफाय लागलं, आवाजही आला. पण पडद्याचा उजेड कमीजास्त करायची बटणं दाबली, तर ढिम्म. काहींच्या पडद्यावर पट्टी सरकते, उजेड मात्र तेवढाच. रात्री अभ्यास करणाऱ्याचे डोळे दिपतात आणि बॅटरीही लवकर उतरते, म्हणून हे दुखणं अंगावर काढू नये.

आधी पाहायचं ते हे, की बिघाड बटणात आहे की पडद्यामागच्या दिव्यात. पट्टी सरकत असेल तर बटणाचा निरोप पोचतोय. अडलंय ते दिव्यापाशी.

लिनक्समध्ये हा दिवा फायलींच्या रूपात समोर असतो. ‘सिस’ फोल्डरात ‘क्लास’, त्यात ‘बॅकलाइट’. तिथे ‘इंटेल बॅकलाइट’ किंवा ‘एसीपीआय व्हिडिओ झिरो’ अशी नावं दिसतील. त्यांच्या आत ‘मॅक्स ब्राइटनेस’ या फायलीत कमाल आकडा असतो. शेजारच्या ‘ब्राइटनेस’ फायलीत त्याच्या निम्मा आकडा रूटच्या अधिकाराने लिहा. पडदा मंदावला, तर दिवा शाबूत आहे. शून्य मात्र लिहू नका. काही लॅपटॉपचा पडदा त्याने पार काळा होतो.

‘एसीपीआय व्हिडिओ झिरो’मधला आकडा बदलतो आणि उजेड हलत नाही, असं पुष्कळदा होतं. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासून उजेडाचं काम ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे गेलं आणि अनेक लॅपटॉपच्या फर्मवेअरमधली ही एसीपीआयची जुनी वाट नुसती नावाला उरली. अशा वेळी कर्नलला योग्य वाट दाखवावी लागते. सुरुवातीच्या ग्रब मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लिहा: एसीपीआय, अंडरस्कोर, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह, नेटिव्ह. मग कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून बेधडक करून पाहावा. गुण आला तरच ग्रबच्या फायलीत कायमचा लिहावा आणि उबुंटू किंवा डेबियनवर ‘अपडेट-ग्रब’ चालवावं. कुठून तरी मिळालेल्या चार सूचना एकदम चिकटवणं मला मुळीच पटत नाही. कशाने काम झालं तेच कळत नाही.

आणि बटणच मुकं असेल तर? नोम, केडीई अशा डेस्कटॉप मांडण्या ही बटणं आपणहून सांभाळतात. आय-थ्रीसारख्या हलक्या मांडणीत मात्र बटणाला काम आपणच नेमून द्यावं लागतं. त्यासाठी ‘ब्राइटनेससीटीएल’ हा छोटा प्रोग्राम घ्या आणि दोन्ही बटणांना त्याची एकेक आज्ञा जोडा.