पडद्यावरचे बेगमपेठ
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलगा दिवसभर संगणकावर विमाने उडवतो आणि त्यांची चित्रे मित्रांना पाठवत बसतो,’ ही तक्रार हल्ली पालकसभेत ऐकू येते. तक्रारीत काळजी असते, थोडा उपहासही असतो. घरातील मंडळींच्या लेखी तो एक ‘गेम’ असतो आणि गेम म्हटला की पुढची चर्चा संपते. वास्तविक फ्लाइट सिम्युलेटर या प्रकाराचे कूळ खेळण्यांच्या दुकानात नाही. ते सापडते एका वाद्यांच्या कारखान्यात.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. संगीत नाटकांच्या परंपरेमुळे मराठी माणसाला ऑर्गनचा भाता अपरिचित नाही. हवा भरली की भाता फुगतो, काढली की बसतो. लिंकने असेच भाते एका लाकडी खोक्याखाली बसवले, खोक्यात वैमानिकाची बैठक आणि दांडा ठेवला, आणि १९२९ मध्ये जमिनीवर राहूनच डुलणारे, कलणारे, वळणारे ‘विमान’ तयार केले. आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेसारख्या करमणुकीच्या ठिकाणी. पुढे १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे विमानटपालाचे काम आले आणि धुक्यात, हिमवर्षावात उडण्याची सवय नसलेले कितीतरी वैमानिक थोड्याच आठवड्यांत प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक या खोक्यात बसून शिकले.

ते शिकले काय, हे पाहण्यासारखे आहे. ढगात शिरल्यावर क्षितिज नाहीसे होते आणि कानातील तोलाचे इंद्रिय माणसाला फसवू लागते. विमान कलत असते. अंगाला मात्र ते सरळ वाटते. अशा वेळी अंगाचे ऐकू नये, समोरच्या तबकड्यांचे ऐकावे, हा या यंत्राने दिलेला पहिला पाठ. दुसरा पाठ त्याहून कठीण आहे : एकाच तबकडीचेही ऐकू नये.

एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ मध्ये भारतात आले. खिडक्यांभोवती रंगवलेल्या राजस्थानी झरोक्यांमुळे ते ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणात राहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईकडे निघालेले हे विमान वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कप्तानासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले होते आणि खाली अंधारा समुद्र असल्याने बाहेर पाहूनही कल कळत नव्हता, असा भारतीय चौकशीचा निष्कर्ष होता. बिघडलेल्या यंत्राखेरीज इतर यंत्रे तिथे होती. पण ताडून पाहण्यास उरलेला वेळ सेकंदांत मोजावा इतका होता.

आज हौशी मंडळी संगणकावर तेच झरोके रंगवून ‘एम्परर अशोक’ पुन्हा उडवतात आणि पडद्यावरचे दृश्य टिपून, म्हणजे स्क्रीनशॉट काढून, एकमेकांना दाखवतात. नुसत्या झरोक्यांच्या मोहाने काढलेले चित्र आणि ती रात्र ठाऊक असलेल्याने काढलेले चित्र, दिसायला सारखेच असते. चित्राखाली दोन ओळी लिहायला सांगितले की फरक समजतो.

घरच्या संगणकावर विमान आणले ते ब्रूस आर्टविक यांनी, १९८० च्या सुमारास. १९८२ मध्ये त्यांचीच प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या नावाने आली. त्या वेळी पृथ्वी म्हणजे पडद्यावरच्या चार रेषा होत्या. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून उभारलेली सारी पृथ्वी आणि त्या घटकेचे खरे हवामानही आहे. मधल्या काळात एक अनपेक्षित गोष्ट घडली : जुन्या आवृत्त्या हे दप्तरखाने झाले. शिकागोचे मेग्ज फील्ड हे सरोवरकाठचे छोटे विमानतळ कित्येक वर्षे या प्रणालीचे आरंभस्थान होते. मार्च २००३ मध्ये एका रात्रीत बुलडोझर घालून त्याची धावपट्टी उखडण्यात आली. जुन्या आवृत्तीत ती अजून अखंड आहे.

हैदराबादकरांना यासाठी शिकागोला जाण्याचे कारण नाही. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठची प्रवासी वाहतूक थांबली. २००६ च्या आवृत्तीत मात्र शमशाबाद नाहीच. हैदराबाद म्हणजे बेगमपेठ. त्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७ असा आकडा. हे आकडे मनाने घातलेले नसतात. होकायंत्रावरील दिशेच्या अंशांतले शेवटचे शून्य काढले की ते मिळतात : ९० म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते. म्हणून पावसाळ्यात, वारा पश्चिमेचा असताना, विमाने सिकंदराबादच्या बाजूने येत आणि हुसेनसागर डाव्या हाताला राही. मुलाच्या चित्रात काळे मेघ दाटले असतील आणि तलाव उजवीकडे असेल, तर ‘वारा कुठला होता?’ एवढेच विचारावे. जाणकार मित्रांमध्ये हा प्रश्न विचारला जातोच आणि मूल निमूटपणे पुन्हा उड्डाण करून नवे चित्र घेऊन येते. भूगोलाच्या तासाला मान्सूनचे वारे इतक्या आवडीने क्वचितच वळतात.

अर्थात या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरच्या पडद्यावर भीती नसते. आदळलेले विमान कळ दाबताच पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रत्यक्ष उड्डाणाचे २०० तास लागतात आणि त्यात या तासांपैकी एकही धरला जात नाही. जागरण आणि महागडी उपकरणे यांविषयी पालकांना वेगळे सांगायला नको. फ्लाइटगिअरसारखी प्रणाली विनामूल्य मिळते, एवढे ध्यानात असू द्यावे. याहून गंभीर गोष्ट चित्रांच्या प्रसाराची आहे. पडद्यावरचे विमान आता इतके खरे दिसते की अपघाताचे किंवा युद्धाचे दृश्य म्हणून ते सहज खपते. ‘हे सिम्युलेटरमधील आहे’ असे चित्राखाली लिहिण्याची सवय पहिल्याच दिवशी लागली पाहिजे. या बाबतीत घरात सवलत नको.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. जुन्या आवृत्तीतले बेगमपेठ म्हणजे धावपट्टी आणि कुठल्याही गावाला चालतील अशा ठोकळेवजा इमारती. मुलांना ते नीट उभारायचे असेल, तर हवी असतात २००८ पूर्वीची छायाचित्रे. परदेशी निघालेल्या कुणाला पोहोचवायला सारे घर गेले असेल, तेव्हा हारतुऱ्यांसह काढलेला फोटो बहुतेक अल्बममध्ये असतो. त्यात माणसांच्या मागे जे काही आले आहे, दर्शनी भिंतीचा रंग, पाटीवरील अक्षरे, टॅक्सी उभ्या राहत ती जागा, ते सारे उपयोगाचे आहे. मागच्या बाजूला तारीख लिहिलेली असल्यास तीही सोबत पाठवावी.