हाताने रेखाटलेले घर आणि आपली आठवण

(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 मी चित्रकलेची शिक्षिका. तेव्हा विषयही चित्राचाच घेतला आहे. मात्र हे चित्र असे, की ज्याच्या आत शिरून आपल्याला हिंडता येते.

दिवे गेले तरी फळीवरचा मोहरीचा डबा आपल्या हाताला अचूक लागतो. पण बाजारातून आणायच्या दहा जिनसांपैकी दोन हटकून विसरतात. याचे कारण, मन यादीपेक्षा जागा अधिक घट्ट धरते. सिसेरो या रोमन वक्त्याने सिमोनिडीस नावाच्या ग्रीक कवीची कथा सांगितली आहे. मेजवानीच्या दालनाचे छत कोसळले, प्रेते ओळखता येईनात; पण कोण कोठे बसला होता हे कवीच्या ध्यानात होते, म्हणून प्रत्येकाची ओळख पटली. पुढे वक्ते आपले मुद्दे मनातल्या घरात दालनोदालनी मांडून ठेवू लागले.

ही नुसती दंतकथा समजू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सामान्य स्मरणशक्तीच्या माणसांनी ही रीत रोज अर्धा तास, चाळीस दिवस गिरवली. ७२ शब्दांपैकी पूर्वी त्यांना २६ ते ३० आठवत. नंतर साठाच्या वर आठवू लागले. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाने ४० जणांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा लावून आभासी महालात चेहरे पाहिले, तेव्हा ते साध्या संगणकापेक्षा ८.८ टक्के अधिक अचूक आठवले. आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाला २०१६ साली आढळले, की लिहिलेल्या शब्दापेक्षा चितारलेला शब्द अधिक आठवतो; मग चित्र ओबडधोबड का असेना!

हे सारे एकत्र आणावे म्हणून भाच्याच्या चष्म्यातून, ओपन ब्रश या मोफत सोयीने, मी आमचे माहेरचे घर हवेत रेखाटले. ते घर कधीच पाडले गेले. माझ्या थोरल्या बहिणीला हल्ली सकाळचे संध्याकाळी आठवत नाही. घरची माणसे टोकतात म्हणून ती चारचौघांत बोलेनाशी झाली होती. मी जिना काढला आणि तो पडद्यावर पाहून ताई ताडकन म्हणाली, “अगं, जिना माजघरातून होता, ओटीवरून नव्हे!” त्यानंतर ती सांगत गेली आणि मी काढत गेले.

अनुभवाने चार गोष्टी कळल्या. घरातून फिरण्याची वाट एकच असावी, प्रदक्षिणेसारखी. उलटसुलट हिंडू नये. प्रत्येक खोलीला ठळक खूण हवी; सारखी दारे काढली की मन घोटाळते. एका कोपऱ्यात एकच वस्तू ठेवावी. आणि ती वस्तू विलक्षण असावी. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आम्ही देवघरात समईएवढी उंच काढली. दूधवाल्याचा हिशेब पाळण्यात निजवला! नंतर चष्मा काढून, डोळे मिटून तीच वाट मनाने चालावी. खरा लाभ तेथे आहे.

हे औषध नव्हे, हेही स्पष्ट सांगते. स्मृतिभ्रंशाचा रोग याने बरा होत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे, आणि औषधांच्या वेळा कागदावर लिहिलेल्या हव्यातच. चष्म्याने काहींना घेरी येते. म्हणून वडीलधाऱ्यांनी खुर्चीत बसूनच, थोडा वेळच तो लावावा. पण विसरते म्हणून जिला आपण गप्प बसवतो, तिच्याजवळ एक अख्खे घर शाबूत असू शकते. ते विचारून घ्यायला यंत्रही लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडी सवड पुरते.

पुढच्या सभेला प्रत्येकीने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून तिच्या लहानपणीच्या घराचा आराखडा काढून आणावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.