एकटीच? आणि कशाला?

(सांगवी, ता. बारामती येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



बाईच्या प्रवासाला कारण लागतं. आपल्याकडची बाई गाव सोडते ती दवाखान्याला, लग्नाला, मयताला, लेकीच्या बाळंतपणाला. देवाला जायचं तरी चालतं. तुकोबांच्या पालखीबरोबर बारामतीवरून किती बाया पायी पंढरपूरला जातात, रस्त्याकडेला झोपतात. त्यांना कुणी अडवत नाही. पण "मला एकटीला मुंबई बघायचीय" असं घरात म्हणून बघा! पहिला प्रश्न येतो, एकटीच? आणि लगेच दुसरा, कशाला?

हे प्रश्न जुने आहेत. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. निघण्याआधी बंगालमध्ये सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि लोकांचे प्रश्नच एकेक करून घेतले. त्यातला एक होता, एकटी का जातेस? बोटीवर मिशनरी बायकांची सोबत होती, पण घरचं माणूस कुणी नव्हतं.

त्यांच्याकडे केवढं मोठं कारण होतं! माझ्याकडे तसलं काही नव्हतं. मला समुद्र बघायचा होता, बस्स.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. दुधाचे पैसे साठवलेले होते. बारामती, स्वारगेट, दादर अशी गेले. भीती वाटली का? वाटली तर. पिशवी पोटाशी धरून बसले होते. पण खरी अडचण चोराची नव्हती, लघवीची होती. पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नाही, कारण पुढच्या स्टँडवर काय असेल याचा भरवसा नाही. मुंबईत बायकांच्या संघटनांनी 2011 मध्ये 'राईट टू पी' ही मोहीम सुरू केली, ती याचसाठी. पुरुषाला हा हिशोब करावा लागत नाही.

एका लॉजवर मॅनेजरनं माझ्या पाठीमागे बघितलं. "बरोबर कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोली शिल्लक नाही म्हणाला. माझ्यामागून आलेल्या एकट्या पुरुषाला किल्ली दिली. मी तिथेच उभी राहून कारण विचारलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या लॉजवर आधार कार्ड दाखवलं, खोली मिळाली.

संध्याकाळी चैत्यभूमीवर गेले. पलीकडेच समुद्र. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले. तासभर. भाजी निवडायची नाही, कुणाची वाट बघायची नाही. सुरुवातीला हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून उगाच मोबाईल काढला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे 2011 चं पुस्तक नेमकं यावर आहे. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाईला आपण कामानं बाहेर पडलोय असं दाखवावं लागतं, म्हणून विनाकारण रेंगाळण्याचा हक्क त्या मागतात. मी मोबाईल पिशवीत टाकला आणि शेंगा घेतल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "समुद्र केवढा असतो गं?" त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झालीत, म्हणजे एसटी फुकट. त्यांना आता जायचंय.

मी वाटेतल्या प्रत्येक स्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह वहीत टिपलंय: उघडं की कुलूप, पाणी आहे का, कडी लागते का. तुम्ही जिथे जाल तिथलं टिपून पुढच्या बैठकीला आणा. सगळं एकत्र करून आगारप्रमुखांकडे अर्ज द्यायचाय.