मधुमेह आणि डोळ्यांचा पडदा



आम्ही डॉक्टर नाही, बँकेतले कारकून आहोत. तेव्हा या विषयावर आम्ही काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारी पेन्शनर मंडळी आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. सही रकाना सोडून खाली उतरते, जुन्या सहीशी जुळत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. थोडी शुगर आहे ना!" ही 'थोडी शुगर' डोळ्यांत कुठवर पोचली आहे, हे मात्र बहुतेकांनी तपासून घेतलेले नसते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. त्याआधी २०२२ साली 'स्मार्ट इंडिया' या पाहणीचे निष्कर्ष आले. चाळिशी गाठलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर विकार आढळला. म्हणजे आठांत एक. नजरच धोक्यात यावी इतका तो ४ टक्क्यांमध्ये वाढलेला होता. ४ टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण देशाच्या हिशेबात तो सुमारे ३० लाख माणसांचा होतो.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. त्याला रेटिना म्हणतात. त्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या साखरेने कमकुवत होतात, पाझरू लागतात, काही बुजतात. मग नव्या वाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असतात आणि एखाद्या दिवशी त्यांतून डोळ्यात रक्त उतरते. तोपर्यंत दुखत नाही, खुपत नाही, पुष्कळदा वर्तमानपत्रही नीट वाचता येते. खरा घात इथेच आहे. स्वच्छ दिसते म्हणून पडदा निरोगी आहे, असे कोणीही धरून चालू नये.

धोका कशाने वाढतो? पहिली गोष्ट म्हणजे वर्षे. मधुमेह जितका जुना, तितका धोका जास्त. ही वर्षे कोणाला कमी करता येत नाहीत. साखर मात्र आपल्या हाती आहे. लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवाचून न चालणाऱ्या मधुमेहावर अमेरिका व कॅनडात मोठा अभ्यास झाला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत हा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. मोठ्या वयातल्या मधुमेहावरचा ब्रिटनमधील अभ्यास १९९८ चा. त्यात रक्तदाब नीट आवरल्यानेही पडद्याचे नुकसान बरेच कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडे शुगरची गोळी न चुकता घेणारे पुष्कळ आहेत. ब्लडप्रेशरची गोळी मात्र "आज बरे वाटते" म्हणून तेच लोक सोडतात. मूत्रपिंडाचा विकार आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचीही यात भर पडते. आधीपासून मधुमेह असलेल्या भगिनीला दिवस गेले, तर हा विकार झपाट्याने वाढू शकतो. तिने पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावेत. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवायचे आहे, तिच्या एकटीवर सोडू नये.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला, असे होत नाही. नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून आतून डोळा पाहून घ्यावा लागतो. मोठ्या वयात मधुमेह निघाला की लगेच, लहानपणीच्या मधुमेहात पाच वर्षांच्या आत, आणि पुढे साधारण दरवर्षी. वेळेवर कळले तर लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने नजर बहुधा टिकवता येते. गेलेली परत आणणे फार कठीण.

तपासणीचे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे, स्वतः स्कूटर चालवत येऊ नये, आणि गावाहून आलेल्यांनी परतीची एस. टी. संध्याकाळची धरावी.