चित्र पाहून वर्णन लिहा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त गुरुग्राम येथे भरलेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



गुरुग्रामात संगणकावर उपजीविका करणाऱ्या मंडळींसमोर मराठीच्या शिक्षिकेने संगणकाविषयी बोलावे, हे धाडसच आहे. तरीही विषय मुद्दाम निवडला आहे, कारण एक निर्णय समितीपुढे आहे.

ही स्मरणिका छापल्यानंतर ती शाळेच्या संकेतस्थळावर ठेवायची आहे. छापील पानांची छायाचित्रे चढवली की काम झाले, असे एक मत आहे. मला ते मान्य नाही. आपल्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आता सत्तरीच्या घरात आहेत. काहींची दृष्टी काचबिंदूने अधू झाली आहे. त्यांनी आठवणी सांगितल्या, इतरांनी लिहून घेतल्या. पानाचे नुसते छायाचित्र असेल, तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. ज्यांच्या आठवणी, त्यांनाच त्या बंद, असे घडू नये.

एनव्हीडीए नावाचा असा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले. तो मराठीही वाचतो. मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडे वर्षानुवर्षे छपाईसाठी वापरलेल्या जुन्या फॉन्टांत डोळ्यांना 'शाळा' दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक बडबड पडते. शिवाय पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी लागते. ती हिंदी नोंदवली गेली, तर आपला मजकूर परक्या वळणाने वाचला जाण्याचा संभव असतो. 'चांदणे' आणि 'चिमणी' यांतील 'च' वेगळा, हे हिंदी आवाजाने कोठून जाणावे?

आता मजकूर संपादनाच्या साधनांकडे वळते. जागतिक वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये अशा साधनांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे दोन भाग आहेत. साधनाने लेखकाला सुगम्य मजकूर तयार करण्यास साहाय्य करावे, हा एक. आणि ते साधन अपंग लेखकालाही वापरता यावे, हा दुसरा. हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. दृष्टिहीन माणूस केवळ वाचक असतो, असे आपण नकळत गृहीत धरतो. तो संपादक का नसावा? वर्डप्रेसने डिसेंबर २०१८ मध्ये नवा संपादक आणला, तेव्हा नेमका हाच वाद झाला. कळफलकाने आणि स्क्रीन रीडरने तो वापरणे अवघड जाते, अशी तक्रार होती. त्यांच्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रिटवेल्ड यांनी त्याआधी ऑक्टोबरमध्येच पद सोडले होते.

साधने बरीच मदत करतात. वर्डमधील सुगम्यता तपासणी चित्राला पर्यायी मजकूर नसल्याचे दाखवते. शीर्षकांचे स्तर नीट दिले, तर ऐकणारा हव्या त्या प्रकरणावर थेट जातो. अक्षरे नुसती ठळक केली, तर त्याला पहिल्या ओळीपासून सारे ऐकत बसावे लागते. दुव्यांवर 'येथे क्लिक करा' असे लिहिलेले असेल, तर दुव्यांच्या यादीत तेच वाक्य दहादा ऐकू येते.

पण चित्राचे वर्णन कोणी लिहावे? साधन रिकामी चौकट पुढे करते, फार तर यंत्राने सुचवलेले एखादे वाक्य देते. 'माणसांचा गट' एवढे त्याला कळते. तो गट म्हणजे पहिली तुकडी, मागे जुन्या इमारतीचा कौलारू व्हरांडा, पहिल्या रांगेत अनवाणी मुले, हे आपल्यालाच ठाऊक. 'चित्र पाहून वर्णन लिहा' हा प्रश्न प्राथमिक वर्गांत तुम्ही सर्वांनी सोडवला आहे. त्याचे गुण तेव्हा किती मिळाले, ते मी येथे सांगणार नाही! पानाच्या कडेची शोभेची वेलबुट्टी मात्र वर्णनाविना सोडावी. तिथे चौकट हेतुतः रिकामी ठेवण्याची सोय असते.

कायदाही आता मोघम राहिलेला नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा आहे. आणि येथून जवळच, दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा उपलब्ध असणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आम्लहल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवरील तो निकाल आहे. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, ही अट सर्वांना पाळता येत नाही, एवढी साधी गोष्ट न्यायालयापर्यंत न्यावी लागली.

तेव्हा माझी मागणी अशी. जुन्या फॉन्टांतील लेख युनिकोडमध्ये आणून प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहायची आहे, कारण रूपांतरात जोडाक्षरे हमखास बिघडतात. हे काम संगणक जाणणाऱ्यांनी घ्यावे. छायाचित्रांची वर्णने त्या त्या तुकडीने लिहावीत, पालकांनी शुद्धलेखन तपासावे. आणि स्मरणिका सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी, पडदा न पाहता केवळ ऐकून ती वाचणाऱ्या आपल्या एखाद्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याकडे ती आठवडाभर सोपवावी. त्यांनी होकार दिल्यावरच ती संकेतस्थळावर जाईल. नावे नोंदवण्याची वही दाराशी ठेवली आहे.