रोम आणि सोपारा एकाच वहीत: दोन अभ्यासक्रम घरी कसे जोडले

तळवलीतून बोलतेय. मध्येच ठाणे-वाशी लोकलचा आवाज आला तर चालवून घ्या, खिडकी बंद केली की इथे जीव जातो.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलाय. घरात धाकटं भावंड किंवा भाचरू होमस्कूलिंग करतंय, आणि इतिहास-भाषा-वाचन शिकवायची जबाबदारी तुमच्यावर आलीय. इंटरनेटवर शोधलं की दोन नावं हमखास समोर येतात आणि दोन्ही आवडतात. मग दोन्ही एकत्र करता येतील का? माझी भाची आठ वर्षांची आहे, घरीच शिकते, आणि हा विभाग माझ्याकडे आहे. त्यामुळे हवेत बोलत नाहीये.

आधी ही दोन नावं कोणती ते सांगते. पहिलं ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’. जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउर या अमेरिकेतल्या मायलेकींचं १९९९ चं पुस्तक. पाया युरोपातल्या जुन्या शिक्षणपद्धतीचा: लहानपणी पाठांतर आणि माहिती, मग तर्क, मग स्वतःचं म्हणणं नीट मांडणं. इतिहास चार वर्षांत अश्मयुगापासून आजपर्यंत, आणि शाळेच्या बारा वर्षांत हीच फेरी तीनदा. लहान मुलांसाठी बाउरबाईंचीच ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ नावाची चार पुस्तकं आहेत.

दुसरं ‘अ‍ॅम्बलसाइड ऑनलाइन’. हे फुकट आहे. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेच्या विचारांवर आधारलेलं. तिचं ‘होम एज्युकेशन’ १८८६ चं. धडे छोटे, लहान मुलांसाठी १५-२० मिनिटांचे. पाठ्यपुस्तकाऐवजी जिवंत लेखन, म्हणजे विषयावर प्रेम असलेल्या एका माणसाने लिहिलेलं पुस्तक. आणि मुख्य गोष्ट: एकदाच वाचायचं, मग मुलाने पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा भरा नाही. इथे इतिहासाची फेरी मात्र सहा वर्षांची.

गोची इथेच आहे. एक चार वर्षांचा, एक सहा वर्षांचा. दोन्ही यादीप्रमाणे चालवले तर सकाळी इजिप्त, दुपारी इंग्लंडचे राजे. पोरगी चक्रावून जाते, आणि शिकवणारी मावशी तर विचारूच नका.

मग एकच गोष्ट ठरवली: काळाचा कणा एकाचा घ्यायचा आणि शिकवायची रीत दुसऱ्याची. पुस्तकांच्या याद्या जोडायच्याच नाहीत.

कणा चार वर्षांचा का घेतला? साधा हिशोब. एनआयओएसची दहावी वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. आठव्या वर्षी सहाची फेरी सुरू केली तर ती संपते बरोबर चौदाला, म्हणजे परीक्षा दाराशी आणि पोरगी अजून दुसऱ्या महायुद्धात. चारची फेरी बाराला संपते. मध्ये दोन वर्षं मोकळी राहतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य बोर्डाची वाट धरायची असेल तरी ही मोकळीक लागतेच. ज्यांचं मूल पाच-सहा वर्षांचं आहे त्यांना हा दबाव नाही, त्यांनी सहाची फेरी खुशाल घ्यावी.

रीत मेसनची का? कारण ती आपल्या भाषेत करता येते. आणि माझ्या मते सगळा मामला इथेच अडकलेला आहे. दोन्ही अभ्यासक्रम इंग्रजीत. पुस्तकं इंग्रजी, वही इंग्रजी, नकाशावरची नावं इंग्रजी. घरात आजी आगरीत बोलते, आई मराठीत. असं वर्षभर चाललं की मुलीला हॅनिबलचे हत्ती सांगता येतात, पण आजीला सांगता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे नियम आहे: वाचन इंग्रजीत झालं तरी ‘आता सांग’ हे मराठीतच. आणि सांगायचं आजीला. आजीला रोम ठाऊक नाही, त्यामुळे ती मध्येच विचारते, ‘पण त्याला राजा केला कोणी?’ एवढा चांगला प्रश्न कुठल्याही वर्कबुकात मला सापडलेला नाही.

आता काय गाळलं ते. अ‍ॅम्बलसाइडच्या पहिल्या वर्षात ‘अवर आयलंड स्टोरी’ आहे, इंग्लंडच्या इतिहासाच्या गोष्टी. पुस्तक रसाळ आहे, वाद नाही. पण बेटाचीच गोष्ट सांगायची तर आपल्याकडे घारापुरी आहे की! सहाव्या शतकाच्या आसपासची लेणी, पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव दिलं तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा. बोटीने जा, बघा, येऊन सांगा.

लॅटिनही गाळलं. पहिल्या पुस्तकाचा त्यावर जोर आहे, पण मराठी मुलासाठी ती जागा संस्कृतची. पाठांतराचं वय म्हणून ते ज्या वयाबद्दल बोलतात, त्याच वयात आपल्या पाठशाळांत अमरकोश आणि रूपावली घोकून घेत. आम्ही सध्या फक्त सुभाषितं करतोय, आठवड्याला एक.

आणि भर काय घातली? ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’च्या पहिल्या भागात सिंधू संस्कृती येते, मौर्य येतात, पण कोकण कुठून येणार? ते आपण घालायचं. अशोकाचा धडा आला की सोपारा: १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नालासोपारा म्हणजे आपल्याला विरारची गर्दी आठवते, आणि तिथे अशोक! रोमचा धडा आला की ‘पेरिप्लस’. पहिल्या शतकातली, ग्रीक भाषेतली, समुद्री व्यापाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका. तिच्यात सोपारा आहे आणि कल्याणही आहे. कल्याणला व्यापार अडवला जातो, तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं त्यात लिहिलंय. भाचीने हे आजीला सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, ‘म्हणजे जकात नाका.’ अगदीच चूक नाही! मग कान्हेरी. खाडीपलीकडे, बोरिवलीच्या जंगलात. कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावं तिथल्या लेखांत कोरलेली आहेत. म्हणजे पुस्तकातली दोन बंदरं तिसऱ्या ठिकाणी दगडावर भेटतात.

पुढची वर्षं अजून कागदावरच आहेत, म्हणून भरभर सांगते. मध्ययुगात शिलाहारांचं ठाणे, आणि १३२० च्या दशकात चीनच्या वाटेवर ठाण्याला येऊन गेलेला इटालियन साधू ओडोरिक. तिसऱ्या वर्षी १६६१ च्या लग्नाच्या करारात आंदण गेलेली मुंबई, जी १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला मिळाली, आणि १७३९ ची वसई. चौथ्या वर्षी पेणजवळच्या वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. १८५७ च्या धामधुमीतून फिरून आलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं. जिवंत पुस्तक म्हणजे काय हे मेसनबाईंना मराठी येत असतं तर मी हेच दाखवलं असतं. मग २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, १९७० ची सिडको, आणि जानेवारी १९८४ चं उरणचं आंदोलन, ज्यात गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के हा शब्द आपल्या गावठाणात रोज कानावर येतो, तो कुठून आला हे मुलांना कळायलाच हवं. त्यासाठी पुस्तक लागत नाही, शेजारच्या ओट्यावर बसलं तरी पुरतं.

‘हे असं मिसळून कोणी शिकलंय का?’ असं कोणी विचारलं तर पंडिता रमाबाईंचं नाव सांगा. जन्म १८५८. शाळा नाही, आई लक्ष्मीबाईंनी घरीच, फिरस्तीत संस्कृत शिकवलं, पुराणं मुखोद्गत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे त्याच बाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासलं. दोन अभिजात परंपरा, एक डोकं, आणि शेवटी लिहिलं मराठीतच.

खर्चाचं विचाराल तर ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ विकत घ्यावं लागतं, जुनी प्रत मिळाली तर उत्तम. मराठी वाचनासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत, १९७१ पासूनचे. फोनवर वाचू नका पण, डोळे जातात. झेरॉक्स काढा.

वेळ: आठवड्याला इतिहासाचे तीन धडे, प्रत्येकी २० मिनिटं, त्यातला एक इथला. भिंतीवर एक दोरी बांधलीय, शतकांच्या चिठ्ठ्या चिमट्याने लावतो. रोम आणि सोपारा एकाच चिमट्यात आले की तो दिवस जमला म्हणायचा.

पाऊस थांबला की कान्हेरीला जाणार आहोत, आजीसकट. तिथे रेकॉर्डिंग जमलं तर पुढचा एपिसोड तिथूनच. चला, कुकरची तिसरी शिट्टी झाली.