आईची उसण



आमच्या माण तालुक्यांत असा समज आहे कीं, जन्मतांना ज्याचे पाय आधीं बाहेर आले त्या पायाळू माणसानें पाठीला पाय लावला म्हणजे उसण उतरते. मी पायाळू आहें. लहानपणीं शाळेंतून घरीं येतांच कोणी तरी शेजारी ओसरीवर पालथा पडून माझी वाट पाहत असे, आणि मी मोठ्या ऐटीनें त्याच्या कमरेवर पाय देत असें. आतां मी चाकणच्या एका कारखान्यांत नोकरी करतों, चिंचवडला सातव्या मजल्यावर राहतों. तरी दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास आईनें "पाय लाव रे जरा" म्हटलें, तेव्हां मला त्यांत वावगें असें कांहींच वाटलें नाहीं. तिचें वय त्या वेळीं ७२ होतें. पिठाचा डबा उचलतांना पाठींत कळ आली होती. मीं हलकाच पाय लावला. ती ओरडली नाहीं. नुसती गप्प झाली. तें गप्प होणें मी अद्याप विसरलों नाहीं.

पुढें तीन आठवडे आम्हीं तेल चोळलें, शेक दिला, मलमें लावलीं. पहिल्या पाळीसाठीं मी पहांटे साडेपांचला घर सोडतों, परततांना तळेगांव चौकांतील कोंडी केव्हां सुटेल याचा नेम नसतो, आणि पत्नीचीही नोकरी आहे. अखेर एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका पुढील बाजूनें चेपून पाचरीसारखा झाला होता. ती उसण नव्हती. हाड मोडलें होतें. याहून लाजेची गोष्ट ही कीं, वरचा एक मणका पूर्वींच केव्हां तरी मोडून तसाच सांधला होता. तिचें लुगडें पायांत येऊं लागलें होतें, उंची कमी झाली होती. पण आम्ही समजलों, वय झालें, वांकली.

हाड हें दगडासारखें निर्जीव नसतें. तें सतत झिजवलें जातें आणि पुनः भरलें जातें. पाळी थांबल्यावर स्त्रियांत झीज भरणीच्या पुढें जाते आणि हाड आंतून विरळ होतें. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत तें दुखत नाहीं, आणि मोडलेल्या मणक्यांपैकीं बरेचसे कोणाच्या ध्यानांतही येत नाहींत. डेक्सा नांवाच्या तपासणींत हाडाची घनता मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं ठरविलेल्या मापानें उणें २.५ किंवा त्याखालीं गेलें तर हा रोग समजावा. आईचा आंकडा उणें ३.१ आला.

औषध आठवड्याला एकच गोळी, पण तिचा थाट मोठा. अनशा पोटीं, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावयाची आणि अर्धा तास आडवें व्हावयाचें नाहीं, कांहीं खावयाचें नाहीं. नाहीं तर अन्ननलिका भाजते. चहासुद्धां नाहीं! रविवारीं सकाळीं आमच्या घरीं एवढ्यावरून तंटा होतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टरांनीं तपासून दिलेंच. नाचणीची भाकरी मात्र तिची स्वतःची सूचना. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, हें मला मागाहून कळलें.

शेजाऱ्यांनीं सांगितलें, महिनाभर झोपवून ठेवा. डॉक्टरांनीं नेमकें उलट सांगितलें: कळ असेल तेवढे थोडे दिवस विश्रांति, मग चालणें, अंथरुणानें हाड आणखी झिजतें. मात्र कमरेंतून वांकणें आणि ओझें उचलणें बंद. हें ऐकून आई म्हणाली, "मग मी इथं करूं काय?" केर, डबे, अंगणांतली कामें यांतच जिचा दिवस जात आला, तिला आम्हीं सातव्या मजल्यावर आणलें आणि आतां तेवढेंही काढून घेत होतों. पाठीपेक्षां हा प्रश्न मला अवघड वाटला. आतां भाजी निवडणें, दाणे कुटणें टेबलावर खुर्चींत बसून चालतें. सकाळीं ती पवनेकांठीं मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापर्यंत पायीं जाते आणि नमस्कार उभ्यानेंच करते. ऊनही त्याच वाटेवर मिळतें.

घरांतील पायपुसणीं मीं काढलीं, न्हाणीघरांत धरावयास दांडी बसविली, रात्रीचा दिवा ठेवला. खरी भीति खुब्याच्या हाडाची. तें मोडलेल्या वृद्धांपैकीं पांचांत सुमारें एक वर्षाच्या आंत दगावतो. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडूं लागले, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप आला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पिंपरीस संत तुकारामनगरांत महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे.

गेल्या महिन्यांत गांवाहून चुलते आले. उसण भरली म्हणून सतरंजीवर पालथे पडले आणि त्यांनीं मला हांक मारली. मीं कांहीं बोलण्याआधींच आई स्वयंपाकघरांतून म्हणाली, "भावजी, आधीं फोटो काढा."